हाताची सवय

गाडीचा गिअरबॉक्स गेला, म्हणून गॅरेजवाल्या तात्यांनी तिला तिच्याच नंतरच्या मॉडेलचा बसवला. बाकी सगळं तेच, फक्त रिव्हर्स डावीकडून उजवीकडे गेला. "चार दिवस हात चुकेल," तात्या म्हणाले. महिना झाला, चुकतोच आहे. डोक्याला कळतं, हाताला कोण सांगणार?

आईही महिन्यापूर्वीच गावचं घर सोडून आमच्याकडे आली. खोलीत शिरताना ती अजून डाव्या भिंतीवर दिव्याचं बटण चाचपते. मी खेकसतो, "आई, उजवीकडे! कितीदा सांगू?"

आज ती गाडीत शेजारी होती. गाडी मागे घ्यायला गेलो, हात डावीकडेच गेला, पहिला गिअर पडला आणि गाडी भिंतीकडे झेपावली. कसाबसा ब्रेक दाबला.

"उजवीकडे रे," आई हळूच म्हणाली. "असू दे. चुकतो हात."