खाँसाहेबांचं ‘बस’

आजही कणीक मळताना मला सयाजीराव महाराजांच्या काळातली बडोद्याची गायनशाळा आठवते. तिथल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापलेली असे. मी अनाथाश्रमातली दांडगट पोर. “गाण्यात तरी टिकते का बघा,” म्हणत आश्रमाच्या बाईंनी मला खाँसाहेबांपुढे उभं केलं. नाही टिकले तर जवळच्या पादरा गावी कुणाकडे तरी धुण्याभांड्याला धाडणार होते. घाबरून मी किंचाळतच गायले.

“बस, बस!” खाँसाहेब कानांवर हात ठेवून म्हणाले.

ते ‘पुरे’ म्हणत होते. मला वाटलं, बसायला सांगताहेत. मी त्यांच्याच गालिच्यावर ऐसपैस मांडी घातली. पखवाजवाल्यासकट सगळे खो खो हसले.

“अब बैठ ही गई है, तो ‘सा’ लगा,” खाँसाहेबही हसत म्हणाले.

तो ‘सा’ अजून मनासारखा लागत नाही. पण मी उठलेली नाही.