अर्ध्या बोटाचा हात

मी उदगीरच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अंगात येणं, करणी, झपाटणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी खडू हातात घेऊन त्याची कारणं फळ्यावर मांडणारा माणूस. या सदरातले अनुभव मी वाचायचो ते सुद्धा चुका काढायलाच. तेव्हा हे लिहिताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटते आहे... पण लाजेपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. माझ्या तोंडून गेलेली एक खोटी गोष्ट आमच्या समाजात खरी म्हणून फिरते आहे. ती दुरुस्त करायची आहे.

मन्मथअप्पा माझा लहानपणापासूनचा मित्र. उदगीरला त्याची डाळीची छोटी गिरणी होती. तरुणपणी पट्ट्यात हात गेला आणि डाव्या हाताची तर्जनी अर्धी तुटली. त्या हाताने तो डाळ चोळून बघायचा, आणि कुणी बोटाबद्दल विचारलं की म्हणायचा, "अर्धं बोट गिरणीनं कमिशन म्हणून ठेवून घेतलं."

आम्ही दोघंही लिंगायत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो – आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात छोट्या डबीत इष्टलिंग असतं. रोज अंघोळ करून, बोटांना भस्म लावून, ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. माझी डबी कपाटात असायची. मन्मथअप्पाचं मात्र पूजेशिवाय पाणीसुद्धा घशाखाली उतरत नसे. आणि एकदा तळहातावर लिंग घेतलं की पूजा संपेपर्यंत तो उठायचा नाही, बोलायचा नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी समाजातल्या लोकांनी आंध्रातल्या देवस्थानांची टूर काढली. नांदेडहून रेल्वे, पुढे बस. त्यात पूर्व घाटातली एक चुनखडीची गुहा होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गुहेचा दोष नाही. आपल्याकडे काळा दगड, नाहीतर जांभा. आमच्या जिल्ह्यातली खरोशाची लेणी मी पोरांना कितीदा दाखवली, पण ती माणसाने कोरलेली. ही गुहा पाण्याने केलेली. पाण्यात विरघळलेला चुना थेंबाथेंबाने साचून छताला झुंबरं लोंबतात, जमिनीतून खांब उगवतात. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि बघितलं कधीच नव्हतं.

त्या दिवशी बस लवकर निघाली. अंघोळी झाल्या, पण मन्मथअप्पाची पूजा राहिली. वाटेत बाकीच्यांनी इडल्या खाल्ल्या. हा नुसता खिडकीबाहेर बघत बसला. पूजा नाही म्हणून नाश्ता नाही, नाश्ता नाही म्हणून बीपीची गोळी नाही. मीही खाल्लं नाही, त्याच्यासोबत खाईन म्हणून. तेवढं एक मी बरं केलं... आणि तेच पुढे नडलं.

गुहेचं तोंड एखाद्या सभामंडपाएवढं. आत उतरायला पायऱ्या, कडेने लोखंडी कठडा, दगडांवर सोडलेले हिरवे-लाल दिवे. गर्दी नव्हती. मन्मथअप्पा मान वर करून थांबला.

"मास्तर, ह्ये काय हाय म्हनं?"

"अधोमुखी लवणस्तंभ."

"आन् खालचे?"

"ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ."

"एवढ्या सोन्यासारख्या चीजेला असलं नाव ठेवनारा तुमच्यासारखा मास्तरच असनार," तो म्हणाला, आणि खुदकन हसला.

बरंच आत, मुख्य वाटेच्या बाजूला एक कपार होती. तिथे चुन्याचा एक खांब साचता साचता हुबेहूब पिंडीसारखा झालेला. वरून त्याच्यावर थेंब पडत होता. लोकांनी बेल वाहिलेला होता. आमच्या ग्रुपने नमस्कार केला आणि ते गाईडमागे आणखी आत गेले. मन्मथअप्पा तिथेच ओल्या दगडावर बसला आणि गळ्यातली डबी सोडायला लागला.

"इथं?" मी म्हणालो.

"हितं न्हाई तर मग कुठं? वरून अभिषेक चालूच हाय." त्याने बोटांना भस्म लावलं. मग जरा थांबून म्हणाला, "मास्तर, जाऊ नका बरं. सकाळधरनं छातीत जड वाटून राहिलंय. पित्त असंल. पूजेत असलो की मला हाक मारता येत न्हाई."

हे वाक्य मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "उपाशी राहिल्यावर पित्तच होणार. बस तू, मी हाय."

त्याने लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात थेंबाखाली धरला. थेंब फार सावकाश पडायचा. एक पडला की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. मी काही वेळ बघितलं. मग भूक लागली, गुडघे दुखायला लागले. बाहेर तोंडापाशी चहाची टपरी बघून ठेवली होती. मनात म्हटलं, याची पूजा लवकर आटपत नाही, पटकन जाऊन येऊ. त्याचे डोळे मिटलेले होते. मी पाय न वाजवता उठलो. बायकोला न सांगता बिडी ओढायला जावं तसा.

मुख्य वाटेवर येऊन थोडा वर चढलो आणि दिवे गेले.

अंधार आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो अंधार तसा नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागलं. मोबाइल बसमध्ये चार्जिंगला. दूर आतून आमच्या लोकांचा गलका, तोही चहूकडून आल्यासारखा. डाव्या हाताने कठडा धरून मी उभा राहिलो आणि ओरडलो, "अप्पाऽऽ!"

फक्त पाणी टपकल्याचा आवाज.

आणि माझ्या उजव्या हातात एक हात आला.

गार, ओला, खरखरीत. मी दचकलो, पण क्षणभरच. कारण तर्जनी अर्धी होती. जन्मभर ओळखीचा हात. इतका धीर आला मला, काय सांगू.

"झाली का पूजा? की लाईट गेली म्हणून देवानंच सुट्टी दिली?"

तो बोलला नाही. तोंडात नाम चालू असेल असं वाटलं. आम्ही चढायला लागलो. एका पायरीवर माझा पाय घसरला, तर त्या हाताने मला वर ओढलं. मी वाटभर बडबडत होतो. "तुझ्यापायी चहा गेला, इडल्या गेल्या, आता गुडघा पण जाणार..." मी असं काही म्हटलं की तो हात माझा हात जरासा दाबायचा. ऐकतोय म्हणून.

वळणावर गुहेच्या तोंडाचा उजेड दिसला. हाताने माझा हात एकदा घट्ट दाबला आणि सोडला.

मी मागे वळून बघितलं नाही. वाटलं, डबी गळ्यात बांधायला थांबला असेल, येईल. मी टपरीवर गेलो, दोन चहा सांगितले. माझा प्यायलो. त्याच्या कपावर बशी झाकून ठेवली.

त्या चहावर साय धरली तरी तो आला नाही. आत जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, दिवे लागले, आणि पाठोपाठ आमच्यातल्या एका बाईची किंकाळी ऐकू आली.

तो तिथेच होता. पाठ दगडाला टेकलेली, डोळे मिटलेले, डावा हात तसाच थेंबाखाली. तळहातावर लिंग, आणि त्या खोलगट तळव्यात थेंबांचं पाणी काठोकाठ भरून बाहेर सांडत होतं. तो हात हलला असता तर ते पाणी तसं राहिलं नसतं. अंग गार होतं. खाली दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जाऊन बराच वेळ झालाय.

माझ्या उजव्या तळव्यावर पांढरे पट्टे होते. चुना असेल. भस्मही असेल. मी बघत बसलो नाही, नळाखाली हात धरला आणि धुऊन टाकला. विज्ञानाच्या मास्तराने हातातला एकुलता एक पुरावा असा धुतला.

"मास्तर, तुम्ही होता ना त्यांच्याजवळ?" कुणीतरी विचारलं.

"होतो," मी म्हणालो. "हात धरून बसलो होतो. शांतपणे गेले."

एवढंच बोललो. पण ते वाक्य माझ्याआधी उदगीरला पोचलं. पूजेत बसलेला असताना शिवात मिळाला, लिंगैक्य झाला, आणि बालमित्राने हात धरलेला होता – मठात स्वामींनी हे सगळ्यांना सांगितलं. मला उभं करून शाल घातली. मी घालून घेतली. त्याची बायको, गंगावहिनी, दर वर्षी तो गेल्याच्या दिवशी मला जेवायला बोलवायच्या आणि वाढता वाढता एकच विचारायच्या, "भाऊजी, त्ये एकटे नव्हते ना?" मी मान हलवायचो आणि पुढचा घास घ्यायचो.

आता मी लातूरला मुलाकडे असतो. माझी बायको गेली. दिवसभर घरात कुणी नसतं. स्वयंपाकघरातला नळ टपकायला लागला की मी उठून तो बंद करतो. बंद होत नाही तेव्हा घराबाहेर जाऊन बसतो. माझ्या छातीतही आता जड वाटतं अधूनमधून. गेल्या महिन्यात एका दुपारी ठरवलं आणि उदगीरची एसटी धरली.

वहिनी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. "या भाऊजी. आज कामून वाट चुकलात?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. छातीचं वाक्य, चहा, अंधार, तो हात, सगळं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. काढायलाच हवं होतं.

त्यांनी विचारलं, "अर्ध्या बोटाचाच हात होता?"

"हाव."

"घट धरला होता?"

"लई घट."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि किंचित हसल्या. "त्ये तसेच होते. दुसऱ्याला पोचवून यायचं, मग सवताचं." त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. चार दाणे निवडले. हात थांबला.

"पर भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्ये तुमच्यासंगट होते, तर मग त्यांच्याजवळ कोन होतं?"

तो हात कुणाचा, हे कोडं मी इतकी वर्षं मनातल्या फळ्यावर मांडून मांडून पुसलं. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहावं. पण वहिनींनी जे विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि तूर निवडत राहिल्या.