चार बोटं चरबी

रंगभूमीवर मी जन्मभर खान झालो, सुलतान झालो, पडत्या काळात दोनदा सैतानही झालो. फक्त बढाईखोर माणूस मला कधी जमला नाही. आमचे दिग्दर्शक वैतागून ओरडायचे, "अरे, फुग की जरा!" तेव्हा मला कुलतास भेटला नव्हता. नाटक सोडून गावी परतलो तर शेजारी हा. वेळेवर भेटला असता तर ती भूमिका मी गाजवली असती.

कुलतास दरवर्षी हिवाळ्यासाठी एक घोडी राखायचा. सगळेच राखतात. पण गवत वाळू लागलं की हा तिला दावणीला बांधून खाऊ घालायचा आणि राजकन्या वाढवत असल्याच्या थाटात माणसं गोळा करायचा. "लाव हात. इथे, मानेवर. यंदा चार बोटं चरबी निघते की नाही, सांग!"

बर्फ टिकू लागलं की घोडी कापली जायची. चार बोटं चरबी निघायची, नाही असं नाही, पण ती त्याच्या बायकोची, बिघाइशावहिनींची बोटं. त्या बिचाऱ्या हडकुळ्या. घोडी कापल्यावर शेजाऱ्यांना जेवू घालायची रीत आहे. त्याच्या जेवणात रस्सा इतका पातळ की मला त्यात माझी दाढी दिसायची. आणि वर हा विचारणार, "कसं काय? पचेल ना एवढं?"

खरा कंजूषपणा मिठाचा. बरगडीचं मांस चरबीसकट आतड्यात भरायचं, त्याला आम्ही काझी म्हणतो. ते आणि बाकीचे तुकडे मिठात नीट मुरवून, धुरी देऊन टांगले तर उन्हाळ्यापर्यंत टिकतात. कुलतास मीठ चिमटीनं भुरभुरायचा, केशर असल्यासारखं. "मीठ कशाला नासायचं? थंडी फुकट आहे," हे त्याचं तत्त्वज्ञान.

मांस टांगायच्या एका आकड्यापाशी मात्र त्याचं तत्त्वज्ञान चालत नसे. कोठारातला शेवटचा आकडा. त्यावर उमसिनआक्काचा वाटा असे: मागच्या पायाचा खुब्याचा तुकडा आणि एक भरगच्च काझी. उमसिन ही कुलतासची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला पाठीवर बांधून वाढवलं. पुढं घाटापलीकडे दिली. घाटातलं बर्फ वितळलं की ती माहेरी यायची आणि आपला वाटा खायची. असा वाटा घरची माणसं उपाशी राहिली तरी कुणी उतरवत नाही. तो टांगलेला आहे तोवर त्या माणसाची घरातली जागा आहे. आक्काच्या वाट्याला मीठ वहिनी स्वतः चोळत, धुरी स्वतः देत, आणि काझीचं तोंड आक्कानं तासून ठेवलेल्या लाल झाऊच्या काडीनं बंद करत.

एका वसंतात बातमी आली की जिल्ह्याचे साहेब आमचा मोडका पूल बघायला येणार आणि जेवायला कुलतासकडे उतरणार. कुलतास दारातल्या दारात वीतभर उंच झाला. कोठार उघडलं तर आठवडाभर दक्षिणेचा उबदार वारा सुटलेला आणि मांसाला हिरवट छटा आलेली.

"वास येतोय," वहिनी म्हणाल्या.

"उकळल्यावर जाईल."

"वास जाईल की साहेब जातील, सांगता येत नाही."

त्यानं शेवटच्या आकड्याकडे पाहिलं.

"ते आक्कांचं आहे हं," वहिनी म्हणाल्या.

"घाट अजून बंद आहे. ती येईतो करू काहीतरी."

"काय करणार? घोडीला परत उभी करणार?"

पण त्यानं वाटा उतरवलाच. मला माझं दोन तारांचं वाद्य, दोम्ब्रा, घेऊन बोलावलं होतं, साहेबांची करमणूक करायला, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. साहेब दारापासून लांब, मानाच्या जागी. पुढ्यात थाळ आला, काझीचे काप चरबीनं चकाकत होते. आम्हा किरकोळ लोकांसाठी दुसऱ्या भांड्यात ते हिरवट मांस रटरटत होतं.

"वा! मीठ काय मुरलंय! हात कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझाच, साहेब," कुलतास म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी तार चुकीची छेडली.

आणि दार उघडलं. चिखलानं भरलेले बूट, डोक्याला रुमाल, हातात गाठोडं. उमसिनआक्का! घाट लवकर मोकळा झाला होता; टपालाच्या ट्रकमधून ती उतरली होती. तिनं सगळ्यांची खुशाली विचारली, बसली, आणि थाळाकडे पाहिलं. काठाशी लाल काडी पडलेली होती. तिनं ती उचलून बोटांत फिरवली.

"ही तर मी तासलेली."

साहेबांचा हात थांबला. "हा कुणाचा वाटा आहे?"

"आक्का, अगं, साहेब अचानक आले, म्हणून..."

"अचानक? पूल केव्हाचा मोडलाय. साहेबांना आजच अचानक दिसला होय?" मग साहेबांकडे वळून म्हणाली, "तुम्ही खा हो. वाढलेलं सोडू नका. बिघाइशा, मला त्या दुसऱ्या भांड्यातला छातीचा तुकडा दे."

 आमच्यात छातीचा तुकडा जावयाला, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला वाढतात.

"आक्का, तो जावयाचा..." कुलतास पुटपुटला.

"ठाऊक आहे. परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतंय, म्हणून मागितला."

ती उठून दारापाशी जाऊन बसली, त्या वासाच्या मांसाचा एक घास खाल्ला, तोंड पुसलं आणि परतीच्या ट्रकमध्ये चढली. साहेबांनी मग नुसता चहा घेतला.

गाव काय सोडतंय! कुलतास रस्त्यानं निघाला की कुणीतरी हाक मारायचंच, "काय कुलतास, छाती शिल्लक आहे का?" त्या शरदात त्यानं घोडी कुणाला दाखवली नाही. कापल्यावर मात्र शेवटच्या आकड्याच्या वाट्याला स्वतः मीठ चोळलं, चिमटीनं नव्हे, मुठीमुठीनं. वहिनी म्हणाल्या, "अहो, पुरे, आक्कांना चावायचंय ते!" ऐकेल तर शपथ.

वसंत आला. घाट उघडला, टपालाचा ट्रक आला, पुन्हा आला. आक्का आली नाही. तो ट्रकपाशी उगाच ड्रायव्हरशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहायचा. उकाडा सुरू झाला, घरातलं मांस संपलं, तरी त्या आकड्याला तो कुणाला शिवू देईना. शेवटी माझ्याकडे आला.

"खान, चल ना माझ्याबरोबर. तुला बोलता येतं."

"संवाद कुणी लिहिलेत?"

"चेष्टा नको रे. तिनं दारच उघडलं नाही तर?"

गेलो. असल्या माणसाबरोबर कोण जाणार दुसरं?

आक्कानं दार उघडलं. त्याच्या हातातलं मांस घेतलं, भांड्यात टाकलं. मला मानाच्या जागी बसवलं. त्याला बोटानं दारापाशी दाखवलं. मग थाळ आणला. मला तिच्या घरची काझी. त्याच्यापुढं छातीचा तुकडा.

रंगभूमीवर असली शांतता मिळावी म्हणून मी काय काय केलं असतं! कुलतासनं तुकड्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि सुरी उघडली. सगळं खाल्लं. हाडाला चिकटलेलं खरवडून खाल्लं. डोळ्यातलं पाणी मिशीत गेलं तेही बहुधा खाल्लं.

मग तिनं त्याच्या मांसाचा काप तोडून तोंडात टाकला. चावत राहिली.

"खारट आहे."

"हो, आक्का."

"पाणी बदलून परत उकळावं लागणार."

"हो, आक्का."

तिनं दुसरा काप तोडला. "पुढच्या वर्षी मूठभर कमी घाल."

परतताना आम्ही घाट चढलो. वर पोचल्यावर तो थांबला, कमरेवर हात ठेवले, छाती पुढं काढली.

"पाहिलीस ना चरबी? चार बोटं होती."

"तीन," मी म्हणालो.