हॅमोकाकांचं चोंदलेलं नाक

आमच्या गावात बियर करतात घरोघरच्या बायका, पण ती चांगली की वाईट हे ठरवतात हॅमोकाका. जमीनदाराच्या कचेरीत तशी शपथ घेतलेला गावातला तो एकच माणूस. बियर तयार झाल्याची खूण म्हणून बाईनं दारावरच्या काठीला फांदी बांधली, की काकांनी जायचं, घोटभर प्यायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. तोवर थेंबही विकायची सोय नाही. हे काम मनातून प्रत्येकाला हवं असतं; तरी दर वर्षी ते काकांच्याच गळ्यात पडतं, कारण त्यांनी एकदा सख्ख्या सासूची बियर नापास केली होती. सासूबाई गेल्या, पण गाव अजून हसतं.

यंदा संत मार्टिनच्या जत्रेला विधवा एव्हिसनं घरातला होता नव्हता तेवढा जव घालून मोठं पिंप भरलं. हिवाळा त्याच्या पैशांवरच काढायचा होता. सकाळी फांदी लागली. गाव आपापले पेले घेऊन हजर. काका आले ते लालबुंद नाक घेऊन. घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काहीच चव लागत नाही गं," ते म्हणाले. "सर्दी झालीय."

"अहो, चांगली आहे म्हणा आणि मोकळे व्हा," कारभारी थर्स्टन म्हणाला.

"शपथ जिभेची घेतलीय, अंदाजाची नाही."

"मग मी चाखतो," लोहार पुढे सरसावला.

"तू चाखशील, पण पिंपात उरेल काय?" एव्हिस म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. आमची बियर दोन-तीन दिवसांत आंबते, आणि जत्रा आजच होती.

मग अख्खं गाव काकांच्या नाकामागे लागलं. कुणी कांदा हुंगवला, कुणी छातीला बदकाची चरबी चोळली, कारभारणीनं तर नाकाखाली पीस जाळलं.

"नाक राहू दे, माणूस तरी ठेवा," काका खोकत म्हणाले.

शेवटी एव्हिसनं उकळत्या पाण्याचं भांडं समोर ठेवलं आणि त्यांच्या डोक्यावरून आपली शाल टाकली. आतून शिंकांवर शिंका ऐकू आल्या. मग काकांचा आवाज आला, "एव्हिस, तुझ्या शालीला शेळीचा वास येतोय."

गावाचा जीव भांड्यात पडला. काकांनी घोट घेतला.

"चव छान आहे. पण पातळ. कमी भावानं विकावी लागेल."

"माझ्याच शालीत बसून सांगताय हे?"

"तिनंच नाक उघडलं ना."

एव्हिसनं कमरेवर हात ठेवले. "जत्रेत माणसं वाढतील म्हणून दोन बादल्या पाणी घातलं. झालं समाधान?"

भाव उतरला म्हटल्यावर एक पेला पिणारे तीन प्यायला लागले. शेजारच्या गावची माणसंही वळली. दुपारपर्यंत पिंपाचा तळ दिसू लागला, तेव्हा काका तीच शाल पांघरून, पेला घेऊन आले.

"रांगेत शेवटी उभे राहा," एव्हिस म्हणाली. "आणि शाल खांद्यावरून काढू नका. या पैशांचा जव आणून पुढच्या आठवड्यात मला पुन्हा फांदी बांधायचीय."