सरोजिनीताईंचा अडा आणि माझे मोदक

ऐंशीच्या दशकात सरोजिनीताईंच्या यजमानांची कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात बदली झाली आणि त्या केरळातून आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आल्या. तोवर गणपतीच्या प्रसादाचे उकडीचे मोदक माझेच असत. त्या वर्षी आरतीला त्या डबा घेऊन आल्या. त्यात केळीच्या पानात वाफवलेला अडा होता. तांदळाची पातळ पारी, आत गूळखोबरं. म्हणजे सारण माझंच! ना कळ्या, ना नाक, नुसतं दुमडलेलं. माझ्या मोदकांना कायम ‘बरे झालेत’ एवढंच म्हणणाऱ्या सासूबाईंनी पान बोटानं निपटलं आणि म्हणाल्या, “वा!” मी जळून खाक झाले.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त बाकीच्या मैत्रिणी महिला मंडळातल्या त्यांच्या कामाविषयी लिहितीलच. त्यांचा मत्सर मात्र माझ्याइतका कुणी केला नसेल, म्हणून तो विषय मी घेतला.

ताईंनी काही म्हणता काही लपवलं नाही. पान आधी गॅसवर फिरवून मऊ करायचं, नाहीतर दुमडताना चिरतं; पीठ ओल्या बोटांनी थापायचं. स्वतः शेजारी उभ्या राहून त्यांनी मला शिकवलं. इतकं मन मोठं असलेल्या बाईवर धड रागावताही येत नाही.

पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ताई रोज दुपारी त्यांच्यापाशी बसत. एकदा सासूबाईंना अडा खावासा वाटला. मी तो केला आणि ताईंसमोरच त्यांना भरवला. सासूबाईंनी डोळे मिटले.

“वा! सरोजिनी, तुझ्या हाताला तोड नाही गं.”

“अहो आई, मी आत्ता आलेय. सगळं हिनेच केलंय.”

“तू गुणाची आहेस. तिची बाजू घेतेस.”

ताईंनी गुरुवायूरच्या कृष्णाची शपथ घेतली. सासूबाई नुसत्या हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मागोमाग ताई आल्या, उरलेला अडा उभ्यानंच खाल्ला आणि म्हणाल्या, “माझ्यापेक्षा छान झालाय.” मला त्याचाही राग आला.

सासूबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. तो अडा माझ्या हातचा होता, हे माझ्याखेरीज जगात एकट्या ताईंनाच ठाऊक आहे. ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. माझी साक्षीदार तुम्हीच एक उरला आहात.