तळेगावचं ऊन

पदर असो की सदरा, डाग दिसला की मावशी तो आधी नाकाशी न्यायच्या आणि मग विचारायच्या, "काय जेवलात? खरं सांगा. डाग म्हंजी पावना. कुटनं आला त्ये इचारल्याबिगर त्याला निरोप देता येत न्हाई."

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत मी नवी सून म्हणून आले, तेव्हा त्या शेजारच्याच खोलीत राहत. माहेर जवळच्याच भाजे गावचं, नवरा इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. तुपाच्या डागाला तांदळाचं पीठ, जांभळाच्या डागाला आंबट ताक, हळदीला लिंबू आणि ऊन. कुणी कौतुक केलं तर लाजणं वगैरे नाही. "माज्यावानी अख्ख्या मावळात कोन न्हाई," असं त्या स्वतःच सांगून मोकळ्या होत. बढाया मारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशींची बढाई खरी होती, एवढाच फरक.

चाळीत उपासतापासाचं मोठं स्तोम माजवणारे एक गृहस्थ होते. ते एकादशीला धोतर घेऊन आले. "खिचडी सांडली," म्हणाले. मावशींनी धोतर हुंगलं.

"दादा, साबुदान्याला मटनाचा वास कवाधरनं याया लागला?"

गृहस्थांचं तोंड एवढंसं झालं. पण मावशींनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. भिंतीपलीकडून ऐकली म्हणून मला ठाऊक.

त्यांचा एकुलता एक मुलगा रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. कोळशानं काळवंडलेल्या त्या घरात पहिल्यांदाच पांढरा कोट आला, आणि तोही एकच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीवर त्याला हजर व्हायचं होतं. मावशींनी सगळ्या चाळीला जेवायला बोलावलं, हौसेनं मुलाला कोट घालून पाटावर बसवलं आणि आनंदाच्या भरात रस्सा थेट त्याच्या छातीवर सांडला! पोरानं घाबरून नळाखाली साबण चोळला. पिवळा डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्याला कुठून माहीत असणार?

"आये, असा गेलो तर साहेब दारातनंच माघारी धाडंल," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मावशींनी लिंबू पिळलं. लालाचा पुन्हा पिवळा झाला, पण पिवळा काही हटेना. पुढचं काम उन्हाचं, आणि आषाढात लोणावळ्याला ऊन आणायचं कुठून? आम्ही तर सूर्य कसा असतो तेच विसरलो होतो.

"हितं न्हाई तर जितं हाये तितं जाऊ," मावशी म्हणाल्या.

सकाळी पुण्याकडच्या गाडीत त्या बसल्या, मलाही बसवलं. मळवली, कामशेत, वडगाव. गाडी पुढे जाईल तसा पाऊस विरळ होत गेला आणि तळेगावला खरोखरच ऊन पडलेलं होतं. स्टेशनाबाहेरच्या गवतावर मावशींनी कोट पसरला. लिंबाचं पाणी शिंपायचं, ढगाची सावली आली की कोट उचलून पुढच्या उन्हात न्यायचा, असं आमचं चाललं होतं. गुरं घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"लोनावळ्यास्नं हितं धुनं वाळवाया आलाव?"

"मंग! आमच्याकडच्या उनाची हितं बदली झालीया," मावशी म्हणाल्या.

दुपारपर्यंत डाग गेला. परत आलो तर लोणावळ्याला धो धो पाऊस. आमच्यात छत्री एकच. ती मावशींनी कोटाच्या गाठोड्यावर धरली आणि आम्ही दोघी नखशिखांत भिजत घरी आलो.

संध्याकाळी पोरगा कोट घालून फलाटावर उभा राहिला. मावशी कितीतरी वेळ त्याच्या छातीकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "त्याच्या बापाचा कोळसा मीच धुतला, आन् ह्यो कोटबी मीच." माझाही ऊर भरून आला. मुलगा माझा नव्हता, पण त्या उन्हात मीही बसले होते.

पुढे त्याची गाडी लोणावळ्याला थांबायची तेव्हा मावशी फलाटावरच्या नळापाशी हजर असत. आधी त्याच्या छातीकडे बघत, मग तोंडाकडे, आणि पसंतीची मान हलवत. तेवढ्यात गाडी सुटायची.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाचेही केस पिकले. अजूनही लोणावळ्याला गाडी थांबली की तो खाली उतरतो, कोट सरळ करतो आणि नळाकडे तोंड करून जरा वेळ ताठ उभा राहतो. शिट्टी झाली की मग गाडीत चढतो.