वाळ्याच्या खिडकीतली शेकोटी

नागपुरात राहून मी घरात शेकोटी बांधली. अंगणात चार काटक्या पेटवून हात शेकायची नव्हे. भिंतीत कोनाडा कोरून, वर धुरांडे काढून, माथ्यावर नक्षीची फळी बसवून बांधलेली अस्सल साहेबी शेकोटी. इंग्रज देश सोडून गेल्याला फार वर्षे लोटली नव्हती; त्यांच्या जाण्याने काही उणे राहिले असलेच, तर ते मी एकट्याने भरून काढले.

याला कारण श्रावण. उमरेडच्या विणकराचा हा मुलगा शाळेत माझ्याच बाकावर बसे आणि उन्हाळ्याच्या दुपारी, माझे लग्न झाल्यावरही, आमच्याच घरी झोपे. पुढे तो विलायतेला लोकरीच्या गिरणीत मागावर कामाला गेला आणि मी, हुडकेश्वरच्या वाटेवरच्या आमच्या घरात बसून, त्याचा हेवा करण्याच्या कामाला लागलो. त्या कामात मी कधी खाडा केला नाही.

त्याची पत्रे येत. नळाला आपोआप येणारे ऊन पाणी, जात न विचारता शेजारी डबा उघडून बसणारे सोबती, ओल्या हिरव्या टेकड्या. हे सारे मी घाईने वाचून टाकी. मात्र तिथला सूर्य शिळ्या भाकरीसारखा असतो, कोळशाच्या धुराने धुतलेले कपडे दोरीवरच काळे पडतात, भिंतीपलीकडच्या माणसाचे नाव वर्षभरात कळले नाही, असे काही आले की तेवढा मजकूर मी पत्नीला मोठ्याने, दोनदा वाचून दाखवी. त्या रात्री मला झोप फार गाढ लागे. पत्राच्या शेवटी, आपल्याकडे चैत्र लागला की, एक ओळ हमखास असे : वाळ्याची ताटी बांधली का गा? मी ती थट्टा समजत असे.

मग एक छायाचित्र आले. मोठ्या खुर्चीत पाय पसरून बसलेला श्रावण, पायाशी मांजर, समोर शेकोटी, आणि ज्वाळांच्या उजेडात मिटलेल्या डोळ्यांचा त्याचा तृप्त चेहरा. सोबत लिहिले होते, की घरमालक हे घर विकतो आहे, घेऊ का? की परत येऊन तुझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर दोन खोल्या बांधू? तू सांगशील तसे करीन. एवढ्या विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. मी गवंड्याला बोलावले.

पूर्वेला दार, दक्षिणेला स्वयंपाकघर, उत्तरेला शेजाऱ्याची भिंत. उरली पश्चिमेची खिडकी. गवंडी कितीतरी वेळ तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. "बाबूजी, चांगली हवेची खिडकी काहून बुजवता?"

"त्याईच्या पोटात आग हाय," आतून पत्नी म्हणाली. "तिले बाहेर निघाले वाट पायजे."

ती खिडकी म्हणजे आमचा उन्हाळा होता. वैशाखात आकाश तापलेल्या तव्यासारखे पांढरे पडे, बाहेरच्या शेतांवरून धूळ उधळीत लू येई, आणि खिडकीला बांधलेल्या वाळ्याच्या ओल्या ताटीतून गाळली गेली, की तीच उन्मत्त लू एखाद्या शहाण्या सुनेसारखी हळू पावलांनी घरात शिरे. त्या मुळांचा तो सुगंध, भिजलेल्या मातीचा, विहिरीच्या खोल काळोखाचा, लहानपणीच्या सगळ्या झोपांचा. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला फक्त धुरांडे दिसत होते.

पौषात मी शेकोटी पेटवली. धुरांड्यात चिमण्यांनी आधीच संसार थाटला होता. धूर उलटा घरात आला आणि शेजारी बादल्या घेऊन धावले. उन्हाळ्यात तर जिथून धूर वर जायचा, तिथूनच लू खाली उतरू लागली आणि थोडी थोडी राख आमच्या जेवणात वाढू लागली.

अशा एका तप्त दुपारी श्रावण आला. अंगावर विलायती कोट, कपाळावरून घाम ओघळतो आहे. मी त्याला तडक शेकोटीपुढे नेले आणि त्याचा चेहरा पडतो कसा हे पाहत उभा राहिलो. चेहरा पडला, पण मला हवा होता तसा नाही.

"ताटी कुठं हाय गा?"

"हे पाह्य ना! तुझ्याकडच्यापेक्षा मोठी हाय."

"ते पाहून राहिलो. खिडकी कुठं गेली?"

मी बोटाने शेकोटीच दाखवली. तो भिंतीला टेकून खाली बसला, कोटाने तोंड पुसत म्हणाला, "तिकडं शेकोटीपाशी मी काहून बसतो, मालूम हाय? डोये मिटतो अन् आच तोंडावर घेतो. मंग वाटते, दुपार झाली, ताटी वायली, आता वयनी पाणी मारन अन् वास येईन." तो हसला. "एक दुपार इथं झोपाव अन् मंग ठरवाव, असं मनात धरून आलो होतो. आता सांग, कसं ठरवू?"

म्हणजे ज्या मिटल्या डोळ्यांचा मी इतके दिवस हेवा केला, त्यांच्याआड माझीच खिडकी होती. ती माझ्याजवळ होती तेव्हा मला दिसली नाही. त्याला ती समुद्रापलीकडून दिसत होती. आणि खरे सांगतो, हे कळल्यावर हेवा कमी झाला नाही. असे डोळे मला का नाहीत, म्हणून तो वाढलाच.

श्रावण परत गेला. जाताना म्हणाला, घरमालकाला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवून पाहतो. शेजारची मोकळी जागा तशीच मोकळी आहे.

काल गवंडी पुन्हा आला. पहिली वीट निघाली तेव्हा, नक्षीची फळी तेवढी जपून काढा, असे मी त्याला हळूच सांगितले. पत्नीने ते ऐकले.

"भाऊजी तिकडं गेले तरी इथलेच रायले," ती म्हणाली. "तुमी इथं बसल्या बसल्या तिकडचे झाले, अन् तिकडं तुमाले कुत्रं बी वयखत नाही."